थांबलेल्या हातांची भिंत

अन्विता मगदूमच्या भिंतीने पहिला चोर पकडला तो समोशाचा.

कलासंस्थेच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळेत चाचणी चालली होती. टेबलावर एकच समोसा उरला होता आणि तो तांबोळी सरांसाठी राखून ठेवलाय हे सगळ्यांना माहीत होतं. निहाल नावाचा तिचा वर्गमित्र टेबलाशेजारी हाताची घडी घालून मोठ्या साळसूदपणे उभा होता. तो जागचा हलला नाही. पण समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्याची जी करडी सावली पडली होती, तिच्यातून एक केशरी सावली बाहेर आली, तिचा हात लांब झाला आणि समोशाच्या सावलीवर जाऊन बसला.

"मी काहीही केलेलं नाही," निहाल म्हणाला.

"करणार होतास," अन्विता म्हणाली.

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. तांबोळी सर आले, त्यांनी सगळा प्रकार ऐकून घेतला, समोसा निहालला देऊन टाकला आणि स्वतः भिंतीसमोर उभे राहिले. त्यांच्या सावलीतून काहीच बाहेर आलं नाही. "निवृत्तीला आलेल्या माणसाला काही करावंसंच वाटत नाही, हे तुझ्या यंत्राने बरोबर ओळखलं," असं म्हणून ते खुर्चीत बसले. ते अन्विताचे मार्गदर्शक होते आणि कौतुकही असं तिरकंच करायचे.

अन्विता पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय मांडणशिल्पाचा, त्यातही अशा मांडणीचा, की ज्यात बघणाऱ्याने नुसतं बघायचं नाही, त्याच्या असण्याने आणि हलण्याने समोरचं चित्र बदलत जायचं. जयसिंगपूरला तिच्या घरी कुणी विचारलं, की तिचे काका सांगायचे, "पुण्यात असते. भिंती करते." लोकांना वाटायचं पोरगी बांधकामात आहे, आणि काका त्यांना तसंच वाटू द्यायचे.

भिंतीमागचं विज्ञान तसं अवघड नव्हतं. माणूस हात उचलतो त्याच्या आधी मेंदू तयारी करतो आणि स्नायूला हुकूम सोडतो. पुष्कळदा हुकूम सुटल्यावर मेंदूचाच दुसरा भाग म्हणतो, नको, थांब. हात जागचा हलत नाही. पण तोवर स्नायू एवढासा ताणला गेलेला असतो आणि त्याच्यावरची कातडी अगदी सूक्ष्म थरथरलेली असते. ही थरथर डोळ्याला दिसत नाही, रडारला दिसते. असली बारीक लहरींची रडारं तोवर घरोघरी पोचली होती. म्हातारी माणसं खोलीत पडली तर कळावं म्हणून, तान्ह्या बाळाचा श्वास नीट चाललाय ना हे बघावं म्हणून, लोक ती छताला लावून मोकळे व्हायचे.

त्या रडारांमध्ये एक मर्यादा ठरवलेली असे. तिच्या खालची थरथर म्हणजे गोंगाट, तो टाकून द्यायचा. अन्विताने नेमका तोच टाकलेला माल उचलला. हजारो माणसांच्या पूर्ण हालचाली शिकवलेल्या एका प्रणालीला तिने ही अर्धीमुर्धी थरथर दिली आणि विचारलं, ही पुरी झाली असती तर काय झालं असतं? प्रणालीने जे उत्तर दिलं ते तिने केशरी रंगात भिंतीवर सोडलं. माणूस जे करतो ते करडं, आणि जे करता करता थांबतो ते केशरी.

"टाकून दिलेल्या गोष्टीला काहीतरी कारण असतं, अन्विता," तांबोळी सर एकदा म्हणाले होते. "घर झाडल्यावर केर आपण बैठकीत मांडून ठेवत नाही."

"कलेत तोच मांडतात ना, सर?"

सरांना हे उत्तर आवडलं. पुढे त्यांना त्या आवडण्याचा फार त्रास झाला, पण ते नंतर.

वर्षअखेरच्या प्रदर्शनात अडचण आली ती भलतीच. वर्गातली मुलं भिंतीसमोर आली की केशरी सावल्यांची जत्रा भरायची. बाहेरची मोठी माणसं आली की भिंत कोरडीच राहायची. सभ्य माणसांचा स्वतःवरचा ताबा इतका मुरलेला असतो, की त्यांची थरथर अन्विताने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जायची. परीक्षक बाहेरून येणार होत्या. त्यांच्यासमोर भिंत मख्ख राहिली तर दोन वर्षांवर पाणी पडलं असतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिने ती मर्यादा आणखी खाली ओढली, जवळजवळ तळाला नेली. आता भिंतीला सगळं दिसणार होतं. तिने निहालवर, शिपायावर आणि वाट चुकून आत आलेल्या एका कुरिअरवाल्यावर ती तपासून पाहिली. तिघे एकमेकांचे कोणी नव्हते. एका घरातली माणसं समोर उभी करून बघावं असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

उद्घाटन तिने मुद्दाम दुपारी ठेवून घेतलं होतं. जयसिंगपूरहून काका-काकू येणार होते, आणि काकू दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. घरातल्या जुन्या जैन रिवाजांपैकी हा एक त्यांनी कधी मोडला नव्हता.

भरतेशकाका आणि शीतलकाकू यांनीच अन्विताला वाढवलं. ती तीन वर्षांची असताना तिचे आई-वडील श्रवणबेळगोळहून परत येताना गाडीच्या अपघातात गेले. गाडीत काकूंची सात वर्षांची मुलगी सम्यकाही होती. तीही गेली. गाडी अन्विताचे वडील चालवत होते, पहाटे त्यांचा डोळा लागला. अन्विता तेवढी वाचली. घरातल्या बैठकीत तिघांचे फोटो एका ओळीत लावलेले होते. हे सगळं तिला माहीत होतं, जसा आपला रक्तगट आपल्याला माहीत असतो तसं. त्याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती, कारण काकूंनी ती येऊ दिली नव्हती. तिच्या वेण्या घालणं, गोवरात उशाशी बसून राहणं, गणिताच्या बाईंशी तिच्या बाजूने भांडणं, हे सगळं काकूंनीच केलं. आई म्हण असा आग्रह त्यांनी धरला नाही. अन्वितालाही कधी म्हणावंसं वाटलं नाही, काकू या एका शब्दात तिचं सगळं मावत होतं.

प्रदर्शनात पहिला मान विद्यार्थ्याच्या आई-वडिलांचा, मग पाहुण्यांचा, ही तांबोळी सरांनी पाडलेली प्रथा होती. फीत कापायची नाही, दिवा लावायचा नाही. घरच्या माणसांनी आधी कलाकृतीत पाऊल टाकायचं. काका पुढे झाले. त्यांची करडी सावली ताठ उभी होती आणि केशरी सावली पाठ खाजवायला धडपडत होती. लोक हसले, काकाही हसले आणि मग त्यांनी खरोखरच पाठ खाजवून घेतली. काकू गेल्या तेव्हा केशरी हाताने पदर दोनदा सारखा केला, एवढंच.

"तू का लांब उभी?" काकूंनी संगणकाजवळ उभ्या असलेल्या अन्विताला हाक मारली. "ये की इकडं. तुझं काम, आणि तूच नाहीस होय."

अन्विताने यंत्र निहालच्या हवाली केलं आणि ती भिंतीसमोर गेली. एवढी माणसं बघत होती, म्हणून तिला थोडं भरून आलं, आणि तिने वाकून काकूंच्या पायांना हात लावला. काकूंचा हात नेहमीसारखा तिच्या डोक्यावर आला. वाकलेली असल्यामुळे तिला भिंत दिसत नव्हती. मागची कुजबूज मात्र एकदम थांबलेली तिला कळली.

ती सरळ झाली. केशरी सावली भिंतीवर थोडा वेळ रेंगाळावी अशी योजना तिनेच केली होती, त्यामुळे जे घडलं ते अजून तिथे होतं. करड्या काकू हात पुढे करून उभ्या होत्या. त्यांच्यातून निघालेल्या केशरी काकू दोन पावलं मागे सरल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात छातीशी ओढून घेतले होते आणि तोंड फिरवलं होतं.

इथे दुसरी कुणी असती तर यंत्र बंद केलं असतं. अन्विता दोन वर्षं कार्यशाळेत राहिलेली मुलगी होती. एकदा दिसला तो गोंगाट, पुन्हा पुन्हा दिसला तर तो संकेत, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. तिने काकूंचा हात हातात घेतला. केशरी काकू मागे सरल्या. तिने काकूंच्या खांद्यावर हात टाकला. केशरी काकू पुन्हा मागे सरल्या, या वेळी जोरात. भिंतीत काही बिघाड असेल तर तो सापडावा म्हणून तिने काकांचा हात काकूंच्या हातात दिला. भिंत शांत राहिली. मग तिने स्वतःचा हात परत पुढे केला.

लोकांना वाटलं हा ठरवून बसवलेला प्रवेश आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकू भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरून, उलटेसुलटे करून पाहिले.

"ती मीच काय?" त्यांनी हळू विचारलं.

"यंत्र चुकतं कधीकधी, काकू."

"ह्यांच्या वेळेला नाही चुकलं."

कॅन्टीनमध्ये काकूंनी डबा उघडला, नेहमीसारखं सगळ्यांना वाढलं आणि मुकाट्याने जेवल्या. प्रदर्शन छान झालंय असंही म्हणाल्या. पण अन्विताच्या ताटात चपाती ठेवताना त्यांनी ती चिमट्याने ठेवली, हाताने नाही. अन्विताने ती चपाती मोडलीच नाही.

काका तिला गाडीपाशी बाजूला घेऊन गेले. "मनावर घेऊ नको बाळा," ते म्हणाले. "तू आलीस तेव्हा पहिलं वर्षभर तिला जड गेलं. तुझी हनुवटी दादासारखी आहे ना. दादाचा डोळा लागला नसता तर, असं तिच्या मनात येत असणार. मीच तुला न्हाऊमाखू घालायचो. मग एक दिवस तिनं तुला आपणहून उचललं, आणि त्यानंतर कधी काही नाही. मी तर विसरूनही गेलो होतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? संपलेलं होतं ते."

गाडी गेली. काकूंनी काचेतून हात हलवला, आणि अन्विता नकळत त्या हाताच्या आधीचं काही दिसतंय का ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबोळी सर कार्यशाळेत तिच्या आधी येऊन बसले होते. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "ती मर्यादा वर घे. पहिल्यासारखी कर. परीक्षकांना मी समजावतो."

"हा हुकूम आहे का, सर?"

"नाही. काम तुझं आहे."

ती घेऊ शकली असती. एका बोटाचं काम होतं. आपण ते का केलं नाही याची कारणं तिने पुढे स्वतःला पुष्कळ सांगितली: परीक्षा होती, दोन वर्षांची मेहनत होती, कला प्रामाणिक असायला हवी. खरं कारण त्याहून हलकं होतं. तिला लागलं होतं, आणि इतरांच्या घरातही असंच निघतं का ते तिला बघायचं होतं.

निघालं. आठवडाभर रांगा लागल्या. मुलाच्या पाठीवर थाप मारणाऱ्या बापाची केशरी मूठ आवळलेली दिसली. हातात हात घालून आलेल्या मैत्रिणींपैकी एक दुसरीला ढकलत होती. सोन्यासारखा संसार म्हणून नावाजलेलं एक जोडपं भिंतीसमोर उभं राहिलं आणि एक शब्द न बोलता दोन वेगळ्या दारांनी बाहेर गेलं. कधीतरी उलटंही व्हायचं, एकमेकांशी अबोला धरलेल्या भावांच्या सावल्या गळ्यात पडायच्या. पण लोक त्यासाठी येत नव्हते. अन्विता संगणकामागे बसून हे बघायची आणि प्रत्येक वेळी तिला थोडं बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची तिला पुढे जेवढी लाज वाटली तेवढी दुसऱ्या कशाचीच नाही.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई चित्रकार होत्या, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या भिंतीसमोर एकट्याच उभ्या राहिल्या, मग खुर्ची ओढून अन्वितासमोर बसल्या.

"मागे सरणारी सावली तुम्ही दाखवता," त्या म्हणाल्या. "तिला धरून ठेवणारं जे असतं, ते कुठे आहे?"

"ते मेंदूत घडतं, मॅडम. थांबण्याचा हुकूम तिथूनच येतो आणि हालचाल तिथल्या तिथे विझते. रडारला स्नायू दिसतो. थांबवणारं रडारच्या कक्षेत येत नाही."

"म्हणजे अर्धं चित्र आहे."

"हो. तांत्रिक मर्यादा आहे."

बाईंनी मान डोलावली आणि तिला वर्गात सगळ्यात वरचे गुण दिले. अन्विता पेढे आणायला निघाली. फाटकापर्यंत गेली आणि स्वतःचंच उत्तर तिला नीट ऐकू आलं. थांबवणारं कक्षेत येत नाही. वीस वर्षं जी बाई रोज त्या मागे सरण्याला धरून ठेवत आली, वेण्या घालताना, ताप बघताना, शाळेच्या दारात पापा घेताना, ती भिंतीवर कुठेच नव्हती. भिंतीवर फक्त ती जिला अडवत होती तीच होती. अन्विता फाटकाशी उभी राहून रडली. रखवालदाराला वाटलं नापास झाली, त्याने तिला पाणी दिलं.

तिने तिथूनच फोन लावला. "काकू, मला तुला एक सांगायचंय."

"पास झालीस ना? झालं तर. बाकीचं फोनवर नको," काकू म्हणाल्या आणि फोन काकांकडे दिला.

त्यानंतर तिच्या हातात काही उरलं नाही. प्रदर्शनाची चित्रफीत लोकांनी एकमेकांना पाठवली. एका कंपनीने प्रणाली विकत मागितली तेव्हा संस्थेच्या नियमाप्रमाणे निर्णय तिच्या एकटीचा नव्हता. ती नको म्हणाली, थोडी उशिरा आणि थोडी हळू आवाजात. वर्ष सरायच्या आत तसल्या भिंती मॉलमध्ये आल्या, मग वधू-वर मंडळांनी चहा-पोह्याच्या बैठकीला त्या भाड्याने घ्यायला सुरुवात केली, मग मुलाखतीच्या खोल्यांमध्ये त्या न सांगता लागल्या. लोक शहाणे झाले. पाहुण्यांच्या घरी गेलं की भिंतींचा रंग आधी बघू लागले. नातेवाइकांना भेटताना हात खिशात ठेवायची पद्धत पडली. एकमेकांशी नेटाने चांगलं वागणं ही ढोंगाची खूण ठरू लागली, आणि वाट्टेल तसं वागणारी माणसं प्रामाणिक म्हणून मिरवू लागली. तांबोळी सरांनी निवृत्तीच्या भाषणात अन्विताचं नाव घेतलं नाही. तिला ते योग्यच वाटलं.

तिने भिंती करणं सोडलं आणि एका संग्रहालयात प्रकाशयोजनेचं साधं काम धरलं. पण एवढ्या थरथरी बघून तिची नजर तयार झाली होती. रडार नसतानाही तिला दिसायचं. बोलता बोलता कुणाचा खांदा किंचित आखडला, की पुढची केशरी सावली तिच्या डोळ्यांपुढे आपोआप उभी राहायची. घरी ती जायची, पण सणासुदीला गर्दीत, आणि लगेच परतायची. काकू तिची विचारपूस करायच्या, डबा भरून द्यायच्या. हात मात्र लावत नव्हत्या. दोघी एकमेकींशी फार चांगल्या वागत होत्या.

दोन वर्षांनी भाद्रपदात ती क्षमावाणीला घरी गेली. दशलक्षण पर्वाचे उपास संपले की या दिवशी जैन घरांतून लहान-थोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात आणि वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतात. गल्लीतली माणसं दुपारभर येऊन गेली. काका देवळात गेले. घरात दोघीच उरल्या तेव्हा अन्विता काकूंसमोर जाऊन उभी राहिली.

"उत्तम क्षमा, काकू."

"उत्तम क्षमा," काकूंनीही हात जोडले, जसे त्यांनी दिवसभर सगळ्यांपुढे जोडले होते.

"नुसतं तसं नाही. मला बोलायचंय."

काकू खुर्चीवर बसल्या. अन्विताने सांगायला सुरुवात केली. तिने हे मनात इतक्यांदा घोकलं होतं, की आता ते भाषणासारखं झालं होतं. "त्या भिंतीला फक्त अंग दिसतं. हात मागं घ्यावा असं अंगाला वाटलं, एवढंच तिला कळतं. तो मागं न जाऊ देणारी जी तू, ती तिला दिसतच नाही. वीस वर्षं तू रोज ते केलंस. खरी तू ती आहेस. ती मी दाखवलीच नाही. माझ्या यंत्रात ती दाखवायची सोयच नव्हती, आणि ते मला माहीत असून मी लोकांपुढं तुला उभी केली. परत परत हात लावून बघितला. चुकलं माझं."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "हे मला कळलंय गं," त्या म्हणाल्या. "तेवढं मी पण समजते. तुझ्यावर राग नाही माझा."

"मग?"

"तू ऐकशील तर सांगते." त्यांनी पदर मांडीवर सारखा केला. "तू आलीस तेव्हा मला कळायचं ते. तुला उचलायला गेलं की आतून कुणीतरी मागं ओढायचं. मी रोज देवळात जाऊन तेवढंच मागायची. बाकी काही नाही, एवढं माझ्यातनं जाऊ दे. एक वर्ष गेलं. एक दिवस तू पायरीवर पडलीस, मी धावत जाऊन तुला उचललं, आणि आत काही ओढलंच नाही. मी परत खाली ठेवून परत उचललं. नाहीच. त्या दिवशी मी शिरा केला. तुझे काका विचारत होते, आज कशाचा शिरा? मी सांगितलं नाही."

अन्विता खुर्चीपाशी खाली बसली.

"तेव्हापासून मी समजत होते की मी सुटले. मला दोन मुली, एक गेली, एक आहे. मी अडवत होते असं तू म्हणतेस. मला माहीतच नव्हतं अडवतेय म्हणून. मला वाटायचं ते संपलंय. तू मला दाखवलंस की ते तिथंच होतं."

"ते फक्त अंगातलं आहे, काकू. तुझ्यातलं नाही."

"अंग माझंच आहे की," काकू म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी शेजारणीला हाक मारून क्षमा मागत होतं आणि दोघी हसत होत्या.

"आता काय होतंय सांगू?" काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठी हात उचलला, की मीच बघत बसते, ओढतोय काय, ओढतोय काय. आणि बघायला लागलं की ओढतोच. पूर्वी मी बघत नव्हते. म्हणून जमत होतं."

"मी डोळे मिटते. तू ठेव हात."

"तू मिटशील. मी कुठं मिटू?"

अन्विताजवळ सगळी स्पष्टीकरणं होती, आणि त्यातलं एकही या बाईला तिचा तो पायरीवरचा दिवस परत देणार नव्हतं. तो दिवस खरा होता की खोटा याचा निकाल भिंतीने लावला होता. भिंत बांधणारी तर ती स्वतःच होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला आई म्हणून हाक मारावीशी वाटली, आणि ती मारायचा हक्क आपण घालवला असंही त्याच क्षणी वाटलं. ती म्हणाली नाही.

काकूंनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं. "चल, दिवस मावळतोय. जेवून घे. मी मघाशीच जेवले. काकांचं झाकून ठेवलंय, ते येतील एवढ्यात."

अन्विता टेबलाशी बसली. काकू आतून ताट घेऊन आल्या, आमटी गरम होती, भाताची मूद नीट पाडलेली होती. त्यांनी ताट तिच्यासमोर ठेवलं आणि हात काढून घेतला. मग त्या मागे सरल्या, स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, दोन्ही हात छातीशी घेतले आणि तोंड खिडकीकडे वळवलं. कसली घाई नव्हती, कसला झटका नव्हता. अन्विताने ही हालचाल भिंतीवर केशरी रंगात पाहिली होती. आता ती संध्याकाळच्या साध्या उजेडात पुरी झाली, आणि काकूंच्या चेहऱ्यावर दमलेल्या माणसाने ओझं खाली ठेवल्यासारखी विश्रांती होती.

अन्विताने घास घेतला. जेवायला हवं होतं, उजेड चालला होता.

"भात घे की अजून," काकू तिथूनच म्हणाल्या.